सारा मोंतिएल: पैसे नव्हते म्हणून सापडलेला आवाज

मुक्काम_माद्रिद

तीन वर्षांपूर्वी कामानिमित्त माद्रिदला आले आणि लाबापिएस भागात एका कोर्रालात खोली घेतली. कोर्राला म्हणजे गिरगावकरांना पटकन सांगायचं तर चाळ. मधे चौक, चहूबाजूंनी लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या, गॅलरीला लागून ओळीने बिऱ्हाडं, आणि कुणाकडे काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक. समोरच्या गॅलरीत एक आजी राहतात, वय पंच्याऐंशीच्या पुढे. दुपारी भांडी विसळताना त्या एकच गाणं गुणगुणतात, खालच्या पट्टीत, अर्धं गात, अर्धं बोलत. मला वाटायचं वयामुळे आवाज बसलाय. एकदा विचारलं, कुणाचं हो हे गाणं? आजींनी नळ बंद केला.

"कुणाचं म्हणजे? सारीताचं. आणि ते असंच गायचं असतं."

ही सारीता म्हणजे सारा मोंतिएल. पेनेलोपे क्रूझ आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. पण तिच्या कितीतरी आधी हॉलिवूडमध्ये मोठ्या नटांसमोर उभी राहिलेली ही बाई मला माद्रिदला येईपर्यंत ऐकूनही माहीत नव्हती. आजींनी तोंड उघडलं आणि मी गेले सहा महिने हिच्याच मागे आहे. म्हणून हा धागा.

जन्म १० मार्च १९२८, गाव काम्पो दे क्रिप्ताना. ला मांचाचा रखरखीत माळ, त्यावर पांढऱ्या पवनचक्क्या. सेर्वांतेसच्या कादंबरीतला डॉन किहोते ज्यांच्यावर भाला घेऊन धावला त्या अशाच पवनचक्क्या, असं गावकरी अभिमानाने सांगतात. खरं नाव मारिया आंतोनिया आबाद फेर्नांदेस. घरात गरिबी. पुढे कुटुंब भूमध्य समुद्राच्या बाजूला ओरिउएला गावात गेलं. यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा पोर आठ वर्षांची, संपलं तेव्हा अकराची. त्यानंतरच्या दशकाला इथली म्हातारी माणसं अजूनही 'भुकेची वर्षं' म्हणतात. रेशनकार्डं १९५२ मध्ये बंद झाली. शाळा म्हणावी तशी झालीच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मुलगी देखणी, बोलण्यात चुणचुणीत. थिफेसा या तेव्हाच्या बड्या चित्रपटसंस्थेच्या लोकांच्या नजरेत आली आणि १९४४ मध्ये, सोळाव्या वर्षी, पडद्यावर. सारा हे नाव आजीचं आणि मोंतिएल हे ला मांचातल्या एका मुलखाचं. प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या एन्रिके एर्रेरोसने ही जोडणी केली. १९४७ च्या 'डॉन किहोते'त ती नायकाची भाची झाली. ला मांचाच्या पोरीला पडद्यावर ला मांचाच मिळाला, पण भूमिका भाचीची! १९४८ च्या 'लोकुरा दे आमोर'मध्ये, म्हणजे वेड्या राणी हुआनाच्या गोष्टीत, ती सूडाने पेटलेली मूर तरुणी होती. चित्रपट तुफान चालला, पण त्यात राणी झाली होती आउरोरा बाउतिस्ता आणि सगळी वाहवा तिला. सारा सुंदर दिसली, एवढंच लोक म्हणाले. तेव्हाच्या स्पेनला पडद्यावर सोशिक, सोज्ज्वळ बायका हव्या होत्या. हिच्या चेहऱ्यात सोशिकपणा औषधालाही नव्हता.

१९५० मध्ये ती आईला घेऊन मेक्सिकोला गेली. तिथला चित्रपटधंदा जोरात होता आणि हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमधून परागंदा झालेले कवी, प्राध्यापक, चित्रकार तिथे गोळा झालेले होते. त्यांच्यातच होता कवी लेओन फेलिपे. त्याने आपल्याला नीट वाचायला-लिहायला शिकवलं, असं सारा आयुष्यभर सांगत राहिली. पेद्रो इन्फान्ते हा मेक्सिकोचा लाडका गाता नट, त्याच्याबरोबर तिचे तीन चित्रपट आले. चार वर्षांत ती तिथे घरचीच झाली.

मग हॉलिवूड. रॉबर्ट ऑल्ड्रिचच्या 'वेरा क्रूझ'चं (१९५४) चित्रीकरण मेक्सिकोतच होतं. समोर गॅरी कूपर आणि बर्ट लँकेस्टर. इंग्रजी तिला जेमतेम येत होतं. पाठोपाठ वॉर्नर ब्रदर्सचा 'सेरेनेड' (१९५६), मारियो लांझाबरोबर. दिग्दर्शक अँथनी मान, ज्याच्याशी तिने १९५७ मध्ये लग्न केलं. तिसरा सॅम्युएल फुलरचा 'रन ऑफ द ॲरो'. यात ती रॉड स्टायगरच्या समोर सू जमातीची तरुणी आहे. चित्रपट जरूर बघा, पण कान देऊन. ओठ साराचे आणि आवाज दुसऱ्याच बाईचा. तो आवाज आहे अँजी डिकिन्सनचा, जी तेव्हा फारशी कुणाला ठाऊक नव्हती. म्हणजे हॉलिवूडला हिचा चेहरा पाहिजे होता. आवाज त्यांनी खरवडून काढला.

आता मुख्य गोष्ट.

स्पेनमध्ये हुआन दे ओर्दुन्या नावाचा दिग्दर्शक. 'लोकुरा दे आमोर' त्याचाच. त्याच्या डोक्यात एक चित्रपट घोळत होता: शतकाच्या सुरुवातीला रंगमंच गाजवणारी एक गायिका, म्हातारपणी विस्मरणात गेलेली, शेवटचं एक गाणं गाण्यासाठी परत येते. कुणी निर्माता पैसे घालेना. जुनी गाणी, जुनी बाई, बघणार कोण? शेवटी त्याने इकडून तिकडून जमवाजमव करून बार्सेलोनामध्ये काम सुरू केलं. सारा कमी पैशांत तयार झाली. गाणी मात्र तिने म्हणायची नव्हती. एखादी शिकलेली गायिका आणून तिचा आवाज वापरायचा असं ठरलं होतं. गायिकेला द्यायला पैसेच उरले नाहीत, तेव्हा ओर्दुन्या म्हणाला, तूच म्हण.

ती गायली. कुप्ले नावाचा हा गाण्याचा प्रकार मुळात उंच पट्टीतला, चिरका, नाकातला, ठसक्यात फेकायचा. सारा शिकलेली गायिका नव्हती, वरचे सूर तिला झेपणारे नव्हते. तिने लय ओढली, आवाज खाली नेला आणि शब्द श्वासावर ठेवले. 'फुमान्दो एस्पेरो' नावाचा टँगो आहे, अर्थ साधा: सिगारेट ओढत मी त्याची वाट बघतेय. लांब आरामखुर्चीवर रेललेली बाई, बोटांत सिगारेट, डोळे अर्धे मिटलेले, आणि कुणालाच खूश करायची घाई नसलेला आवाज. आजी विसळताना म्हणतात ते हेच.

'एल उल्तिमो कुप्ले', अखेरचा कुप्ले, ६ मे १९५७ रोजी माद्रिदच्या ग्रान बिया या हमरस्त्यावरच्या रियाल्तो चित्रपटगृहात लागला आणि जवळजवळ वर्षभर तिथून हलला नाही. ओर्दुन्याने तोवर पैशांच्या ओढाताणीत चित्रपटाचे हक्क थिफेसाला विकून टाकलेले. पेटी भरली ती थिफेसाची. तो बिचारा हात चोळत राहिला.

सारा मात्र त्या काळातली स्पेनची सर्वांत जास्त मानधन घेणारी नटी झाली. पुढचं प्रतिसादांत लिहीन, बोटं दुखली.

---

खारी_बिस्किट

वाचतेय. 'चेहऱ्यात सोशिकपणा औषधालाही नव्हता' हे वाक्य पळवणार आहे. आजींना नमस्कार सांग.

---

अण्णा_सातारकर

'वेरा क्रूझ' मी कॉलेजात असताना सकाळच्या खेळाला पाहिला आहे. गेलो होतो गॅरी कूपरसाठी, बाहेर आलो तो लँकेस्टरचे दात डोळ्यांसमोर घेऊन. किती हसतो तो माणूस! ती पाकीटमार मुलगी आठवते. नाव आज कळलं. साठ वर्षं उशिरा का होईना.

---

तबकडी

उत्तम धागा. माझ्या संग्रहात हिची एक तबकडी आहे, चोरबाजारात मिळालेली, मुखपृष्ठ अर्धं फाटकं. त्यावर 'ला बियोलेतेरा' आहे म्हणून थोडी भर घालतो.

हे गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'मध्ये (१९३१) आंधळी फुलवाली येते तेव्हा जी धून वाजते, ती हीच. बियोलेतेरा म्हणजे जांभळ्या व्हायोलेट फुलांचे गुच्छ विकणारी. चाल होसे पादिया या स्पॅनिश संगीतकाराची, चित्रपटाच्या कितीतरी आधीची. श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून नाव चॅप्लिनचं. पादियाने पॅरिसच्या न्यायालयात दावा लावला आणि जिंकला. गरीब फुलवालीचं गाणं आणि त्यावरून कोर्टकचेरी!

पादियाचंच दुसरं गाणं 'एल रेलिकारियो', ते 'एल उल्तिमो कुप्ले'त आहे. त्याची गोष्ट ऐका. बैलांशी झुंजणारा एक तोरेरो रस्त्यात एका सावळ्या मुलीच्या पायांखाली आपली झूल पसरतो आणि म्हणतो, दे पाय, तुझ्या पावलाखालचा तुकडा मी ताईत करून गळ्यात घालीन. पुढे एका झुंजीत बैल त्याला उचलतो. ती प्रेक्षकांत असते. मरता मरता तो छातीवरचा ताईत काढतो, त्यात तो कापडाचा तुकडा. तीन मिनिटांत अख्खं नाटक. कुप्लेचं सगळं सामर्थ्य त्या तीन मिनिटांत आहे.

ही दोन्ही गाणी जगभर नेली राकेल मेय्येरने. १९२६ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेली बाई. १९५७ मध्ये सारा जेव्हा तिची गाणी गाऊन लाखो कमवत होती, तेव्हा राकेल बार्सेलोनात जिवंत होती. विस्मरणात गेलेली खरी गायिका गावातच बसलेली आणि त्याच गावात विस्मरणात गेलेल्या काल्पनिक गायिकेचं चित्रीकरण! १९६२ मध्ये राकेल गेली.

---

तिरपागडा

लेख छान, पण मी जरा उलट्या बाजूने बोलतो. सबटायटलं लावून 'एल उल्तिमो कुप्ले' अर्धा पाहिला, पुढे ढकलत ढकलत संपवला. बटबटीत मेलोड्रामा आहे. पाच मिनिटं गोष्ट, मग गाणं, मग रडारड, मग गाणं. प्रियकर तोरेरो आहे म्हटल्यावर तो बैलाच्या शिंगावर जाणार हे शेंबडं पोर सांगेल. आणि तिचे पुढचे चित्रपट म्हणजे याच्याच छापील प्रती. वर हे सगळं फ्रँकोच्या हुकूमशाहीत, सेन्सॉरच्या संमतीने. लोकांना गाण्यात गुंतवून ठेवायचं साधन, दुसरं काय?

---

मुक्काम_माद्रिद

तबकडीकाका, राकेलबद्दलचं वाचून अंगावर काटा आला. हे आजींना सांगणार आहे.

तिरपागडा, छापील प्रतींबद्दल वाद नाही. 'ला बियोलेतेरा' (१९५८), 'माझा अखेरचा टँगो' (१९६०), 'ला बेया लोला' (१९६२), 'शांतक्लेरची राणी' (१९६२). नावं बदला, टोप्या बदला, बाई तीच: गाणारी, बदनाम, आतून सोन्याची, शेवटी एकटी. पैसा मिळत होता तोवर निर्मात्यांनी साचा मोडला नाही आणि तिनेही मोडू दिला नाही.

पण सेन्सॉरचं एवढं सरळ नाही. १९५७ मध्ये इथे पाद्री आणि सेन्सॉर मिळून पडद्यावरच्या बायकांचे गळे किती खोल असावेत ते ठरवत होते. अशा वेळी ही बाई आरामखुर्चीवर पडून सिगारेट ओढत पुरुषाची वाट बघतेय, आणि ते चाललं! कारण गोष्ट जुन्या काळातली. आजोबांच्या तरुणपणी असल्या बायका होत्या बरं का, असं म्हणत सगळं दाखवता येत होतं. शिवाय ती शेवटी रंगमंचावर मरते. पाप केलं, फेडलं, हिशोब चुकता. सेन्सॉर खूश.

आजींना मी नेमकं हेच विचारलं, शेवटी मरते म्हणून वाईट नाही वाटायचं? त्या म्हणाल्या, "शेवट कोण बघत होतं? आम्ही सिगारेट बघायला जायचो." तेव्हा त्या सतरा वर्षांच्या, शिवणकामाला जायच्या. घरी आल्यावर स्वयंपाकघरात लाकडी चमचा बोटांत धरून त्या आणि त्यांची बहीण तसं रेलून बघायच्या. आई आली की चमचा परत भांड्यात.

मला नाही वाटत हुकूमशहाला त्या स्वयंपाकघरातलं काही कळत असेल.

---

तिरपागडा

चमच्याला दाद. माघार अर्धी.

---

रातराणी

मला कुप्ले या प्रकाराबद्दल अजून वाचायचंय. दुहेरी अर्थ असतो का त्यात? वाचताना सारखी लावणी आठवत होती, विशेषतः बैठकीची. खुर्चीवर रेलून, हालचाल जवळजवळ नाही, सगळं नजरेत आणि शब्दावर.

दुसरा प्रश्न. पैसे नव्हते म्हणून नटी स्वतः गायली यात एवढं नवल काय? आपल्याकडे संगीत नाटकात नट स्वतःच गायचे. आवाज वेगळा काढून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायचा हा प्रकार सिनेमात नंतर आला, आणि मग तो एवढा रुजला की नटीने गायलं तर बातमी व्हायला लागली.

---

तबकडी

रातराणी, दुहेरी अर्थ विचारू नका. सुरुवातीचा कुप्ले तर एकेरी अर्थाचाच होता आणि तो वाईट अर्थ होता! सर्वांत गाजलेलं उदाहरण 'ला पुल्गा', म्हणजे पिसू. गायिका रंगमंचावर येऊन सांगते, माझ्या कपड्यांत पिसू शिरली आहे. मग गाणंभर ती पिसू शोधायची. प्रेक्षकांत फक्त पुरुष. कुठली गायिका कुठवर शोधते यावर तिकिटाचा भाव.

१९१० च्या सुमाराला राकेल मेय्येर आणि तिच्यासारख्या बायकांनी हा प्रकार धुऊन पुसून घरच्या बायकांना ऐकता येईल असा केला, तेव्हा फुलवाली आणि ताईत आले. सारापर्यंत आला तो हा धुतलेला कुप्ले. तिने आवाज खाली नेऊन त्यातली जुनी ऊब परत आणली, पिसू न शोधता. तुमची बैठकीच्या लावणीची तुलना मला पटते. तिथेही पदर किती ढळला यापेक्षा भुवई किती हलली याचा हिशोब असतो.

---

मुक्काम_माद्रिद

रातराणी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नात माझ्या लेखातली राहून गेलेली गोष्ट आहे.

स्पेनमध्ये १९४१ च्या आदेशाने परदेशी चित्रपट स्पॅनिश आवाजातच दाखवायची सक्ती झाली. भाषेचा अभिमान हे कारण सांगायला. खरा फायदा असा की आवाज बदलताना संवादही बदलता येतात. नको ते वाक्य गाळा, प्रेयसीला बहीण करा, कुणाला कळतंय? पुढे सक्ती गेली, सवय राहिली. आजही इथली म्हातारी माणसं गॅरी कूपरचा खरा आवाज ऐकला तर हा कोण म्हणतील. म्हणजे चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा हे इथल्या प्रेक्षकाला इतकं अंगवळणी पडलेलं होतं की सारासाठी गायिका आणायचं ठरलं तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नसणार. आणि त्याच सुमाराला अमेरिकेत तिचा बोलायचा आवाजही काढून टाकलेला. दोन देशांत दोन दिग्दर्शकांना तिच्या गळ्यात अडचण दिसत होती. एकाकडे पैसे होते, त्याने ती दूर केली. दुसऱ्याकडे नव्हते.

ओर्दुन्याला थोडं जास्त कर्ज मिळालं असतं तर समोरच्या गॅलरीत आज काय गुणगुणलं गेलं असतं, कोण जाणे.

---

सुगरणबाई

इथे कुणी अंड्यांचा उल्लेख कसा केला नाही? मी कुठेतरी वाचलंय की मार्लन ब्रँडोला ही बाई अंडी तळून घालायची. खरं का?

---

तिरपागडा

आलो परत, कारण ही माझी आवडती बाजू. सुगरणबाई, खरंखोटं देव जाणे, पण सांगायची ती स्वतः, मुलाखतींत, रंगवून. ब्रँडोला सकाळी ला मांचा पद्धतीची तळलेली अंडी. हेमिंग्वेने सिगार ओढायला शिकवली. नोबेलविजेते शास्त्रज्ञ सेबेरो ओचोआ हे आपल्या आयुष्यातलं मोठं प्रेम. हे शेवटचं तिने आत्मचरित्रात लिहिलं तेव्हा ओचोआ हयात नव्हते, आणि त्यांच्या ओळखीतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. आत्मचरित्राचं नाव 'बिबिर एस उन प्लाथेर', जगणं म्हणजे सुख. 'फुमान्दो एस्पेरो'ची पहिली ओळ आहे, धूम्रपान म्हणजे सुख. त्यातला एक शब्द फिरवलेला. एवढं मात्र चतुर आहे, मानलं.

माझा मुद्दा असा की जिला लिहिता-वाचता उशिरा आलं त्या बाईने आपल्या आयुष्याची गोष्ट तोंडी परंपरेने सांगितली. दर वेळी थोडी वाढवून. आमची पणजी गावच्या वाघाची गोष्ट सांगायची, शेवटी शेवटी वाघ तीन झाले होते.

---

अण्णा_सातारकर

तिरपागडा, तीन वाघांबद्दल वेगळा धागा काढा.

अँथनी मानचं पुढे काय झालं? 'एल सिद' त्याचाच ना? स्पेनमध्येच चित्रित झालेला. मग बायको घरची असताना नायिका सोफिया लोरेन कशी?

---

मुक्काम_माद्रिद

अण्णा, बरोबर, 'एल सिद' (१९६१) मानचाच. हिमेनाची भूमिका लोरेनकडे गेली. स्पेनच्या महाकाव्यातली नायिका इटालियन, नायक चार्ल्टन हेस्टन, आणि स्पेनची सर्वांत महागडी नटी दिग्दर्शकाची बायको असून त्यात नाही. त्यांच्या घरात त्यावर काय बोलणं झालं असेल याची कल्पना तुम्हीच करा. १९६३ मध्ये दोघं वेगळे झाले. मान १९६७ मध्ये बर्लिनला चित्रीकरण चालू असतानाच गेला. साराची त्यानंतर आणखी तीन लग्नं झाली. तिसरा नवरा मायोर्का बेटावरचा पत्रकार-व्यावसायिक होता, त्याच्याबरोबर तिने दोन मुलं दत्तक घेतली. १९९२ मध्ये तोही गेला. चौथं लग्न सत्तरी उलटल्यावर, वयाने खूप लहान क्युबन माणसाशी. त्यावर इथल्या दूरदर्शन वाहिन्यांनी महिनोन्महिने पोट भरलं.

कामाचं सांगते. साठच्या दशकाच्या अखेरीला काळ बदलत होता. बार्सेलोनात नव्या दमाचे दिग्दर्शक तयार झाले होते. त्यांच्यापैकी जोर्दी ग्राउने 'तुसेत स्ट्रीट' (१९६८) हातात घेतला. सारा आणि आधुनिक बार्सेलोना, कल्पना झकास. पण प्रकाश कुठून पाडायचा, कॅमेरा कुठे ठेवायचा हे बाईंचं ठरलेलं असे, आणि नव्या दिग्दर्शकाला ते मान्य नव्हतं. दोघांचं बिनसलं, ग्राउ बाहेर गेला, जुन्या पिढीच्या लुईस मार्किनाने चित्रपट पुरा केला. इथे माझी सहानुभूती ग्राउकडे आहे. साचा मोडायची ती संधी होती, तिने दिग्दर्शकच मोडला.

मग फ्रँकोची शेवटची वर्षं आली, सेन्सॉर सैल झालं आणि एकदम सगळ्यांना पडद्यावर नागड्या बायका हव्याशा झाल्या. १९७४ च्या चित्रपटानंतर साराने नटीचं काम थांबवलं. ते नागडेपण मला करायचं नव्हतं, असं ती म्हणायची. गंमत बघा: वीस वर्षं जिच्याकडे बघून पाद्री खाकरत होते, ती सोवळी ठरली. नंतर रंगमंचावरचे गाण्याचे कार्यक्रम, तबकड्या, टीव्ही. २००९ मध्ये एक्याऐंशीव्या वर्षी फांगोरिया या पॉप गटाबरोबर एक गाणंही केलं.

---

रातराणी

दिग्दर्शक आल्मोदोवारच्या कुठल्याशा चित्रपटात हिचा संदर्भ आहे ना? अंधुक आठवतंय.

---

मुक्काम_माद्रिद

हो, 'ला माला एदुकाथिओन' (२००४). पाद्र्यांच्या शाळेतली दोन मुलं गावातल्या चित्रपटगृहात सिनेमा बघायला जातात, तो तिचा १९६९ चा 'एसा मुहेर' आहे. आणि गाएल गार्सिया बेर्नाल बाईच्या वेषात रंगमंचावर येऊन 'किसास, किसास, किसास' म्हणतो, तेव्हा ओठ त्याचे आणि आवाज साराचा.

लिहिताना आत्ता लक्षात आलं. हॉलिवूडमध्ये तिच्या ओठांवर दुसरीचा आवाज होता.

माद्रिदच्या समलिंगी आणि पारलिंगी मंडळींनी तिला हुकूमशाहीच्या काळापासून आपली मानलं. रात्रीच्या क्लबांत तिची नक्कल करणाऱ्यांची गणतीच नव्हती, आणि ती स्वतः अशा नकला बघायला जायची, असं आजी सांगतात. आजींचा भाऊ त्यांच्यातलाच एक होता. त्याबद्दल त्या एवढंच बोलल्या, मीही पुढे विचारलं नाही.

---

खारी_बिस्किट

शेवट कसा झाला तिचा?

---

मुक्काम_माद्रिद

८ एप्रिल २०१३, माद्रिदच्या राहत्या घरी, पंच्याऐंशीव्या वर्षी. त्याच दिवशी लंडनमध्ये मार्गारेट थॅचर गेल्या, त्यामुळे जगाच्या बातम्यांत सारा कोपऱ्यात गेली. माद्रिदमध्ये मात्र तसं नव्हतं. अंत्ययात्रा ग्रान बियावरून नेली, कायाओ चौकात थांबवली आणि तिथल्या मोठ्या पडद्यांवर 'एल उल्तिमो कुप्ले'तली दृश्यं लावली. रियाल्तो तिथून चार पावलांवर. आजी गेल्या होत्या. पाय दुखत होते म्हणून कुणीतरी फुटपाथवर घडीची खुर्ची दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी गाणं सुरू केलं, आणि सगळे चढ्या पट्टीत म्हणायला लागले याचा आजींना अजून राग आहे.

गेल्या महिन्यात काम्पो दे क्रिप्तानाला जाऊन आले. टेकडीवरच्या पवनचक्क्यांपैकी एकीत तिचं छोटं संग्रहालय आहे, कुलेब्रो नावाची पवनचक्की. पोस्टरं, फोटो, कपडे. आत गोल जिना, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. वारा इतका की दार धरून ठेवावं लागतं.

---

सुगरणबाई

मी आज अंडी तळून बघितली. ऑलिव्ह तेल भरपूर, कडकडीत तापलेलं, कडा जाळीदार होईस्तोवर. ब्रँडोचं माहीत नाही, घरात दुसऱ्यांदा मागितली.

---

तबकडी

मुक्काम_माद्रिद, तो राकेलचा आणि चॅप्लिनचा किस्सा आजींना सांगितलात का?

---

मुक्काम_माद्रिद

आज दुपारी सांगितला, काका. चॅप्लिनचं ऐकून त्या म्हणाल्या, बरं झालं, हरला. राकेलचं ऐकून काहीच बोलल्या नाहीत. ती तेव्हा जिवंत होती हे त्यांना माहीत नव्हतं. थोड्या वेळाने विसळायला उभ्या राहिल्या. आज वेगळंच काहीतरी म्हणत होत्या, उंच पट्टीत, नाकातून. वरचा सूर लागला नाही तशा थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे आईचं. आई असं म्हणायची."